विकायच्या मालाची साठवण

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



वर्धापनदिनाला आपल्यापैकीच कोणी तरी चार शब्द बोलावे अशी मंडळाची पद्धत आहे. यंदा मला सांगताना चिटणीसबाईंनी विषयही सांगून टाकला. त्या म्हणाल्या, "आरोग्य, संस्कार, पाककृती यांवर पुष्कळ बोलून झाले. आपल्यातल्या कितीतरी जणी मोबाइलवर साड्या, कुर्ते, बांगड्या विकतात आणि त्यांच्या घरात पाय ठेवायला जागा उरलेली नाही. तेव्हा त्यावर बोला." विषय ऐकून प्रथम हसू आले. पण विचार करू लागले तेव्हा दिसले की तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. ज्या घरात विकायच्या मालाने पाय ठेवायला जागा ठेवलेली नाही, त्या घरातला पैसाही बहुधा त्याच गठ्ठ्यांखाली दडपलेला असतो.

वडीलधाऱ्या भगिनींसाठी हा धंदा कसा चालतो ते थोडक्यात सांगते. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिल्या तऱ्हेत माल आपल्या घरी येतच नाही. कंपनीच्या यादीतले फोटो ओळखीच्या बायकांना व्हॉट्सॲपवर पाठवायचे, मागणी नोंदवायची, आणि माल परस्पर गिऱ्हाइकाच्या दारी जायचा. वरचा नफा आपला. २०१५ साली बंगळूरला सुरू झालेल्या मीशो कंपनीने याच मार्गाने गावोगावच्या गृहिणींना धंद्याची वाट दाखवली. यात जागा लागत नाही, भांडवल लागत नाही. पण माल आपण डोळ्यांनी पाहिलेला नसतो, आणि साडीचा रंग वेगळा निघाला की बोल मात्र आपल्याला बसतो. म्हणून पुष्कळ जणी पुढे दुसऱ्या तऱ्हेकडे वळतात. घाऊक बाजारातून माल स्वतः पारखून आणायचा, घरी ठेवायचा, त्याचे फोटो काढून विकायचे. यात विश्वास मिळतो, नफाही थोडा अधिक सुटतो. पण माल घरात आला की त्याच्याबरोबर साठवणीचा प्रश्नही घरात येतो.

आता कोणी म्हणेल, साठवण आम्हाला नवी आहे का? मुळीच नाही. वर्षाचे गहू, ज्वारी, तूर उन्हात वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून कणगीत भरणे, पापड-कुरडया डब्यांत घालणे, दिवाळीपर्यंत कोणता डबा रिकामा होईल याचा अंदाज बांधणे, ही विद्या आपल्या सासवा-आजीसासवांना पुस्तकावाचून येत होती. पण त्या साठवणीत आणि या साठवणीत एक मोठा फरक आहे. घरची साठवण राहण्यासाठी असते. विकायची साठवण जाण्यासाठी असते. भरलेली कणगी पाहून गृहिणीला समाधान वाटते. भरलेले विक्रीचे कपाट पाहून मात्र तिने जरा काळजीतच पडले पाहिजे.

आपल्या नांदगावात कापसाचे उदाहरण सर्वांना समजते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला. त्याच आशेने पुढल्या हंगामात कित्येकांनी कापूस घरातच ठेवला. पुढे भाव उतरला, वजन घटले, आणि घरच्यांच्या अंगाला खाज सुटली ती वेगळीच. तरीसुद्धा कापसाच्या बाबतीत भाव वाढण्याची निदान आशा असते. साडीला तीही नाही. कपाटात ठेवलेल्या साडीचा भाव कधी वाढत नाही. नवा काठ, नवा रंग बाजारात येतो आणि आपली साडी दर महिन्याला थोडी थोडी जुनी होते.

याचा हिशेब मांडून पाहू. समजा, एखाद्या बाईने बचत गटातून दरमहा शेकडा दोन व्याजाने १४,००० रुपये उचलले आणि ३५० रुपये भावाच्या ४० साड्या आणल्या. एका साडीमागे ८० रुपये सुटतात. सर्व साड्या जायला सहा महिने लागले आणि तोवर मुद्दल तसेच राहिले, तर व्याज झाले १,६८० रुपये. म्हणजे २१ साड्यांचा नफा व्याजातच गेला! चाळीस साड्यांचे फोटो काढले, बायकांशी घासाघीस केली, पार्सले बांधली, आणि निम्म्याहून अधिक कष्ट व्याजाला वाहिले.

आता दुसरीने ३,५०० रुपयेच उचलले आणि दहा साड्या आणल्या. त्या पंधरा दिवसांत विकल्या, मुद्दल बाजूला काढले आणि त्याच पैशात पुन्हा दहा आणल्या. असे चार वेळा केले तर दोन महिन्यांत साड्या चाळीसच जातात, नफा तोच ३,२०० रुपये, आणि व्याज फक्त १४० रुपये. शिवाय घरात एका वेळी दहा साड्यांहून अधिक काही नाही. कोणी म्हणेल, फेऱ्या वाढल्या. वाढल्या खऱ्या. पण १७ मार्च २०२३ पासून एसटीने बायकांना भाड्यात निम्मी सवलत दिली आहे, आणि दोघी-तिघींनी आळीपाळीने एकमेकींचा माल आणला तर तोही खर्च विभागला जातो.

या बाबतीत आपण दैववान आहोत. अमरावती आपल्यापासून फार लांब नाही, आणि तेथून पुढे नागपूरच्या रस्त्यावर नांदगाव पेठेजवळ बिझीलँड, सिटीलँड अशी कापडाची मोठी घाऊक संकुले उभी आहेत. ज्या गावाला बाजार दोन दिवसांच्या वाटेवर असेल त्याने सहा महिन्यांचा माल भरून ठेवावा. आपण का ठेवावा? ती पेठ हेच आपले कोठार समजावे. त्याचे भाडे आपल्याला द्यावे लागत नाही, आणि उंदीर-घुशी सांभाळायच्या त्या व्यापाऱ्याने सांभाळायच्या. आज जिची कोठारे जगभर पसरली आहेत ती अमेझॉन कंपनीसुद्धा १९९५ साली पुस्तके विकू लागली तेव्हा राहत्या घराच्या गॅरेजमधून काम करीत होती, आणि गिऱ्हाइकाची मागणी आली म्हणजे मग घाऊक व्यापाऱ्याकडून पुस्तक मागवीत होती.

घाऊक व्यापारी मात्र पुष्कळदा एकेक नग देत नाही. सुरतेच्या साड्यांचा सेट सहा किंवा आठ रंगांचा येतो आणि तो पुरा घ्यावा लागतो. चार रंग चटकन उठतात, दोन मागे राहतात. असे सात-आठ सेट झाले की त्या मागे राहिलेल्या दोन-दोन साड्यांचाच एक डोंगर होतो. यावर उपाय म्हणजे सेट दोघी-तिघींनी मिळून घ्यावा. जिच्या गिऱ्हाइकांना फिके रंग आवडतात तिने ते घ्यावेत, दुसरीने गडद.

मालाला हंगाम असतो हेही विसरू नये. संक्रांतीची काळी साडी आणि हळदी-कुंकवाच्या वाणाच्या वस्तू रथसप्तमीपर्यंत हातोहात जातात, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्या उरल्या तर वर्षभर उरल्या. महालक्ष्म्यांच्या साड्या, मुखवट्यांचे दागिने, नवरात्रातले नऊ रंग यांचेही तसेच. म्हणून सणाचा माल थोडा कमी पडला तर चालेल, उरता कामा नये. कमी पडला तर एका दिवसाचा नफा जातो. उरला तर मुद्दल जाते. आपल्याकडच्या बायकांच्या हाती पैसा सोयाबीन आणि कापूस विकला गेल्यावर येतो आणि तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागते. भारी माल त्या सुमारास आणावा. श्रावणात शेतकऱ्याच्या घरी पैशाची चणचण असते, तेव्हा पैठणी आणून कपाटात ठेवण्यात अर्थ नाही.

इतके करून जो माल घरात राहील तो नीट कसा ठेवावा, ते आता सांगते.

पहिली गोष्ट जागेची. विकायच्या मालाला घरात एकच जागा असावी, मग ते एक कपाट असो की दोन पत्र्याच्या पेट्या. दोन साड्या पलंगाखाली, चार शिवणयंत्रावर, उरलेल्या माळ्यावर, असे झाले की कोणता माल आपल्याकडे आहे हेच आपल्याला कळत नाही. ही जागा स्वयंपाकघरात नसावी. साडीला फोडणीचा वास लागतो. तो आपल्याला येत नाही, पण पार्सल उघडणारीला येतो आणि साडी परत येते. देवघरातली समई, गॅसची शेगडी, विजेचे मीटर यांच्याजवळही माल ठेवू नये. विमा काढणाऱ्या भगिनींनी धंद्याचा माल स्वतंत्र दाखवावा. घरगुती सामानाच्या विम्यात तो येतोच असे गृहीत धरू नये.

दुसरी गोष्ट ओल आणि वाळवी. पेटी जमिनीवर टेकवू नये, विटांवर फळी टाकून तीवर ठेवावी, आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. वाळवी भिंतीतून येते आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात प्रथम शिरते, म्हणून पुठ्ठ्याची खोकी जमिनीवर कधीही रचू नयेत. आषाढ-श्रावणात बुरशी धरते. उघडीप पडली की कपाट उघडे टाकावे, माल सावलीत हवेशीर पसरावा. कडक उन्हात टाकला तर रंग उडतो. खळ दिलेल्या सुती साड्यांना कसर लागते. त्या धुतलेल्या जुन्या धोतराच्या कापडात गुंडाळाव्यात, मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवावा. तो ओला मात्र नको, नाही तर डाग पडतात. डांबरगोळ्या ठेवायच्या तर कापडात बांधून, जरीला न लागतील अशा, आणि लहान मुलांच्या हाती न पडतील अशा ठेवाव्यात.

रेशमी आणि जरीची साडी प्लास्टिकच्या पिशवीत महिनोन् महिने ठेवू नये. आत दमटपणा कोंडतो आणि जर काळी पडते. ती मलमलीत ठेवावी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, म्हणजे एकाच मोडीवर रेशीम चिरत नाही. नकली दागिन्यांचे याच्या उलट. त्यांना हवा लागली की ते काळवंडतात, म्हणून एकेक जोड लहान हवाबंद पिशवीत, कापसावर ठेवावा.

तिसरी गोष्ट आपल्या वऱ्हाडी उन्हाची. वैशाखात पत्र्याखालची खोली भट्टीसारखी तापते. तिथे चपलांचा डिंक सुटतो, लिपस्टिक वितळते, इलॅस्टिक लूत पडते. ज्यांच्या घराला पत्रे आहेत त्यांनी उन्हाळ्यात असा माल आणूच नये हे बरे.

चौथी गोष्ट मांडणीची. जुन्या घरांतली उतरंड आठवा. तळचे मडके हवे असले की वरची सगळी उतरवावी लागत. साड्यांच्या ढिगाचे तसेच होते. खालची साडी काढायचा कंटाळा येतो, म्हणून वरचीच दाखवली जाते, नवा माल आला की तोच वर ठेवला जातो, आणि सर्वांत जुनी साडी तळाशी पडून राहते. म्हणून साड्या पुस्तकांसारख्या उभ्या लावाव्यात. घडीची बाजू समोर असली की प्रत्येक रंग दिसतो. जी आधी आली ती आधी जावी हा नियम ठेवावा, नवा माल नेहमी मागच्या बाजूस लावावा.

पाचवी गोष्ट वहीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक नगाला क्रमांक द्यावा. तिसऱ्या कप्प्यातली बारावी साडी म्हणजे ३/१२. तोच क्रमांक चिठ्ठीवर लिहून साडीला टाचणी न लावता दोऱ्याने बांधावा, आणि फोटो काढताना ती चिठ्ठी फोटोत येऊ द्यावी. वहीत पाच रकाने पुरेत: क्रमांक, आल्याची तारीख, पडलेला भाव, गेल्याची तारीख, आलेला भाव. पडलेल्या भावात बसभाडे आणि हमालीही धरावी. एकच साडी तीन गटांत दाखवली आणि दोघींनी "माझी" म्हटले, तर जिचा निरोप आधी आला तिच्या नावापुढे लगेच वहीत खूण करावी, दुसरीला त्याच घटकेला कळवावे. एका साडीवरून दोन शेजारणींचे बोलणे बंद झालेले आपण पाहिले आहे.

आणखी एक सांगते. राग मानू नका. विक्रीतली साडी स्वतः नेसली, किंवा नणंदेच्या ओटीत घातली, तर तीही वहीत लिहावी आणि तिचे पैसे घरखर्चातून धंद्याच्या पेटीत टाकावेत. हे न केल्यामुळे पुष्कळ जणींना वाटते की धंद्यात काही सुटत नाही. सुटलेले असते, पण ते अंगावर नेसलेले असते! व्यापारी लक्ष्मीपूजनाला चोपडीची पूजा करतो. आपण महिन्याच्या शेवटल्या दिवशी वही आणि कपाट ताडून पाहिले तरी तेवढे पुण्य मिळेल. ज्या नगाला तीन महिने झाले त्याच्यापुढे लाल खूण करावी, भाव उतरवावा आणि तो काढून टाकावा. तोटा झाला असे मनाला लावून घेऊ नये. अडकलेला रुपया मोकळा झाला, तो पुन्हा कामाला लागेल.

परत आलेला माल चांगल्या मालात कधीही मिसळू नये. त्याची पेटी वेगळी ठेवावी. दिवसाच्या उजेडात डाग, उसवण, अत्तराचा वास हे तपासून, पुन्हा इस्त्री करून मगच तो क्रमांकावर ठेवावा. पार्सल बांधताना आणि परत आलेले उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवले तर पुढचा वाद मिटतो.

पार्सलाच्या खोक्यांविषयीही दोन शब्द. बहुतेक कुरिअर कंपन्या वजनाबरोबर आकारही पाहतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून पाच हजाराने भागतात, आणि जे अधिक भरेल त्याचे पैसे घेतात. ३० लांब, २५ रुंद, २० उंच अशा खोक्यात एक किलोची साडी घातली तरी भाडे तीन किलोचे पडते. साडीला खोके नकोच, पिशवी पुरते. आणि मागवलेल्या मालाच्या पत्त्यात गावाचे नाव पुरे लिहावे. आपल्याच जिल्ह्यात नांदगाव पेठ आहे, नाशिककडे एक नांदगाव आहे. नुसते 'नांदगाव' लिहिले तर पार्सल महाराष्ट्रदर्शन करून येते. ४४४७०८ हा आपला पिन क्रमांक विसरू नये. अशा सारख्या नावांच्या घोटाळ्यावर तोड म्हणूनच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन पद्धत सुरू झाली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्यासारखेच मराठी गृहस्थ होते, हे आपल्याला अभिमानाचे आहे.

कायद्याचे थोडक्यात. १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला चाळीस लाखांच्या आत माल विकणाऱ्या लहान विक्रेत्याला जीएसटीची पूर्ण नोंदणी न करता, पॅन देऊन आणि नावनोंदणीचा क्रमांक घेऊन, ऑनलाइन कंपन्यांमार्फत आपल्या राज्यापुरते विकता येते. परराज्यात माल पाठवायचा तर बहुतेक मालाला नोंदणी लागते. यात धंद्याची जागाही कळवावी लागते, म्हणून माल कोठे ठेवतो हे कागदावर खरे असावे. बारकावे जाणकाराला विचारून घ्यावेत.

आता मंडळाला एक सूचना करते आणि थांबते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला घेतले. त्यातूनच पुढे लिज्जत पापड झाला. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद पडले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले, खाली शेगडी ठेवली आणि काम चालू ठेवले. तेव्हापासूनची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. पीठ एका जागी मळायचे, बायकांनी घरी नेऊन लाटायचे, आणि दुसऱ्या दिवशी पापड मोजून परत द्यायचे. माल कोणाच्या घरी पडून राहत नाही, आणि पैसाही अडकत नाही. आपल्याला तेवढे मोठे होता आले नाही तरी त्यांची रीत घेता येईल.

माझी सूचना अशी की विक्री करणाऱ्या भगिनींनी महिन्यातून एकदा आपापल्या वह्या घेऊन मंडळात बसावे. एकीकडे पडून असलेली जांभळी साडी दुसरीच्या गिऱ्हाइकाला हवी असते, एवढे कळले तरी दोघींचा फायदा आहे. सेट मिळून घ्यावेत. आणि दिवाळीच्या आधी एक दिवस मंडळाच्या जागेत लाल खुणेचा सगळा माल पडत्या भावात मांडावा. गावच्या ज्या बायकांना भारी साडी परवडत नाही त्यांना सणाला नवे लुगडे मिळेल, आणि आपली कपाटे मोकळी होतील.

भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकींच्या आयुष्यात स्वतःच्या नावाचा असा हा पहिलाच पैसा आहे. त्यातून कोणाच्या मुलीची फी भरली जाते, कोणाच्या सासूबाईंचे औषध येते, आणि कोणाला आपल्या इच्छेने माहेरी जाताना कोणापुढे हात पसरावा लागत नाही. हा पैसा पलंगाखालच्या गठ्ठ्यात बुडाला तर घरची माणसे म्हणतील, "सांगत नव्हतो?" आणि ती बाई पुन्हा धंद्याचे नाव काढणार नाही. तसे होऊ नये एवढ्यासाठीच हा कपाटाचा आणि वहीचा पाल्हाळ. थोडा माल आणा, नीट ठेवा, लिहून ठेवा आणि लवकर काढा.